राणीच्या बागेतील पेंग्विनांस जालना जिल्ह्याचे खुले पत्र

प्रति,
समस्त हम्बोल्ट पेंग्विन,
वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा, मुंबई.

विषय : गारव्याच्या समन्यायी वाटपाबाबत.

हम्बोल्ट पेंग्विन हा बर्फावरचा पक्षी नव्हे. पेंग्विनांच्या साधारण अठरा जातींपैकी अंटार्क्टिकाच्या बर्फाशी मोजक्याच जातींचा संबंध येतो. हम्बोल्टचे घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, अटाकामा वाळवंटाच्या कडेला आहे. तिथे काही भागांत वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही. त्या मानाने जालना जिल्हा म्हणजे कोकणच. पक्षी तगतो तो दक्षिणेकडून येणाऱ्या थंड सागरी प्रवाहाच्या जोरावर. त्यामुळे किनारा गार राहतो आणि अँचोव्ही ही बारीक मासळी मुबलक मिळते. शिवाय चोचीजवळच्या उघड्या गुलाबी कातडीतून अंगातली उष्णता बाहेर जाते. मे महिन्यात चाळिशीपार पारा सोसणाऱ्या परतूर-मंठ्याच्या माणसांना निसर्गाने अशी सोय दिलेली नाही, याची नोंद व्हावी.

जुलै 2016 मध्ये सोलहून आठ पक्षी मुंबईत आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते आणि जालना जिल्ह्यात टँकर धावत होते. साहजिकच पक्ष्यांसाठी उभारलेल्या वातानुकूलित कक्षावरून कुरकुर झाली. पण ती चुकीच्या पत्त्यावर गेली. मुंबईच्या दमट उकाड्यात या पक्ष्याला गार हवा आणि स्वच्छ, गार पाणी ही चैन नसून किमान गरज आहे. बंदिवासात फुफ्फुसांत बुरशी धरते, कडक फरशीवर फार वेळ उभे राहून तळपाय सुजतात, डासांमुळे पक्ष्यांचा हिवताप होतो. ऑक्टोबर 2016 मध्ये आठांतली एक मादी दगावली. 15 ऑगस्ट 2018 रोजी भारतातले पहिले पेंग्विनचे पिल्लू जन्मले. ते आठवडाभरात गेले. पुढची काही पिल्ले मात्र जगली आणि कुटुंब वाढले.

मोकळ्या समुद्रातले भाऊबंद अधिक अडचणीत आहेत. या जातीची गणना संकटप्रवण जातींत होते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले थर पोखरून हम्बोल्ट घरटी करतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या शेतांना खत हवे म्हणून ते थरच उपसून नेले. मग अँचोव्हीवर मोठ्या बोटींची नजर गेली. उरलेले काम एल निनो करतो. समुद्र तापतो, मासळी खोल किंवा दूर जाते, पिल्ले उपाशी मरतात. 1982-83च्या तडाख्यात पेरूतले निम्म्याहून अधिक पेंग्विन गेले. हाच एल निनो अनेकदा मोसमी पावसाचीही वाट अडवतो. 2015 साली तो जोरात होता. त्या वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा फारच कमी पाऊस झाला आणि त्यातूनच पुढचे टँकर आले.

सबब, वातानुकूलनाबाबतची मागील तक्रार मागे घेण्यात येत आहे. यापुढे संयुक्त अर्ज करण्यास सदर पक्ष्यांची हरकत नसावी.

अर्जदार,
समस्त कोरडवाहू, जालना जिल्हा.

प्रत : एल निनो, प्रशांत महासागर, यांस उचित कार्यवाहीसाठी.