गाडीतून उतरू नका, हे न्यू जर्सी आहे

न्यू जर्सी राज्यात शिरायला पैसे पडत नाहीत, बाहेर पडायला पडतात. उत्तरेला हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल घ्या, नाहीतर दक्षिणेचा डेलावेअर मेमोरियल पूल घ्या. टोल घेतला जातो तो राज्य सोडून जाणाऱ्याकडून. यावर न्यूयॉर्ककरांनी पुष्कळ विनोद करून झाले आहेत. पण टोल भरून पलीकडे गेलेल्या न्यू जर्सीकराची खरी पंचाईत पुढे होते, पेट्रोलचा काटा तळाला टेकल्यावर. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर बर्फाच्या वादळांतून गाडी हाकलेले गृहस्थ परराज्यातल्या पंपावर गाडी लावतात, काच खाली करतात आणि पाकीट हातात धरून स्वस्थ बसतात. कोणी येत नाही. आरशात बघतात, तरी कोणी येत नाही. शेवटी मागचा गाडीवाला हॉर्न मारतो, तेव्हा त्यांच्या ध्यानात येतं की इथे पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं. आणि ते त्यांना येत नाही. उरलेली अमेरिका या दृश्याला पोट धरून हसते. माझं म्हणणं असं की, या गृहस्थांना पेट्रोल भरता येत नाही हा त्यांचा दोष नाही, आणि हसणाऱ्यांना ते येतं हा काही त्यांचा पराक्रम नाही.

आधी दोषाचं बघू. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरणं 1949 पासून बेकायदा आहे. कायदा पंपावरच्या नोकराला बजावतो की, गिऱ्हाइकाला नळीला हात लावू देऊ नकोस. चुकलास तर पहिल्या खेपेला 50 ते 250 डॉलर दंड, पुढच्या प्रत्येक खेपेला 500 पर्यंत. कायद्यात कारण दिलंय सुरक्षिततेचं. कायद्यामागची गोष्ट सांगतात ती मात्र वेगळी. हॅकेन्सॅकमध्ये 17 नंबरच्या हमरस्त्यावर अर्विंग राइनगोल्ड नावाच्या उद्योगी माणसाने 24 नळ्यांचा पंप थाटला आणि लोकांना सांगितलं, तुमचं तुम्ही भरा आणि पैसे वाचवा. बाकीचे पंपवाले गॅलनला 21.9 सेंट घेत असताना याचा भाव 18.9. गाड्यांची रांग लागली. शेजारच्या धंदेवाल्यांनी, असं म्हणतात, आधी बंदुकीने समजावून पाहिलं. राइनगोल्डने गोळी न शिरणारी काच बसवून घेतली. मग मंडळी विधिमंडळात गेली. गोळीला जे जमलं नाही ते कायद्याने केलं. तेव्हा त्या राज्यात वाढलेल्या माणसाला ही विद्या येत नसेल, तर त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने सराव करायचा कुठे? घराजवळच्या पंपावर केला तर नोकराला दंड, आणि परराज्यात जाऊन केला तर आधी टोल!

राज्याच्या हद्दीत मात्र या माणसाचा थाट बघण्यासारखा असतो. न्यू जर्सी टर्नपाइक हा उत्तर-दक्षिण महामार्ग. त्यावरच्या विश्रांतिस्थळांना थोरामोठ्यांची नावं आहेत: कवी वॉल्ट व्हिटमन, परिचारिका क्लारा बार्टन, संशोधक थॉमस एडिसन, फुटबॉलचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी. आयुष्यात इतकं काही करून ठेवलेली ही मंडळी आता पेट्रोल आणि बर्गर यांचे यजमान झाली आहेत. तिथे गाडी थांबली की जाड जॅकेट घातलेला माणूस खिडकीशी येतो. ‘फिल इट अप, रेग्युलर, कॅश’ एवढ्यावर संभाषण आटोपतं. रोखीचा भाव बऱ्याच ठिकाणी कार्डापेक्षा कमी असतो, म्हणून शेवटचा शब्द महत्त्वाचा. तो नळी लावतो, खटका अडकवतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. एकाच वेळी तीन-चार गाड्या सांभाळताना कोणतं कार्ड कोणाचं आणि कोणती पावती कोणाची, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. बरेचदा तो पंजाबचा असतो. एडिसन, इसेलिन या गावांच्या बाजूला, ओक ट्री रोडवर जिलबी आणि साड्या घेऊन परतणाऱ्या मराठी कुटुंबाला मग परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. फक्त ‘साहेब, झीरो बघा’ एवढंच तिथे कोणी म्हणत नाही. पुण्यात गाडी शिकलेला आणि पुढची सगळी हयात न्यू जर्सीत काढलेला मराठी माणूस दोन खंडांत गाडी चालवूनही एकदाही नळी हातात न घेता निवृत्त होऊ शकतो.

आता पराक्रमाचं. आज स्वतः पेट्रोल भरणं म्हणजे जणू अमेरिकन स्वावलंबनाचा कळस, असा आव आणला जातो. पण 1960 सालचा अमेरिकन हे बघून चक्रावला असता. तेव्हा पंपावर शिरलं की गणवेशातला पोरगा धावत यायचा, पेट्रोल भरायचा, समोरची काच पुसायचा, बॉनेट उघडून ऑइल बघायचा. या सेवेला पहिला मोठा सुरुंग लावला तो लॉस एंजेलिसमध्ये 1947 साली फ्रँक युरिक या पंपवाल्याने: स्वतः भरा, गॅलनमागे पाच सेंट वाचवा. 1964 मध्ये कोलोरॅडोत आत काउंटरवर बसून बाहेरची नळी चालू करायची सोय आली, म्हणजे एक माणूस दुकान आणि पंप दोन्ही बघू लागला. 1973 च्या तेलटंचाईने भाव भडकले, लोक पैन्‌पै वाचवू लागले आणि गणवेशातला पोरगा बघता बघता नाहीसा झाला. नीट पाहिलं तर हा व्यवहार असा झाला: दुकानदाराचं काम गिऱ्हाइकाने पाच सेंटांच्या सवलतीत अंगावर घेतलं, पुढे स्वतः भरणं हीच रीत झाली तेव्हा सवलत कशावर द्यायची हा प्रश्नच उरला नाही आणि काम तेवढं गळ्यात राहिलं. लग्नात वाढायला घेतलेल्या पाहुण्याला पुढे भांडीही घासायला लावावीत आणि त्याने त्याबद्दल छाती फुगवावी, तशातली ही गत. ज्या म्हाताऱ्याला पेट्रोल भरणं शिकायचंच नाही, त्याला निदान हे काम आहे आणि कामाला माणूस लागतो, एवढं तरी आठवतं.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. माणूस ठेवला की त्याचा पगार पेट्रोलच्या भावात येणारच. हिशेब बरोबर आहे, पण न्यू जर्सीने तो वर्षानुवर्षं खोटा पाडून दाखवला. नळीला माणूस असूनही तिथलं पेट्रोल न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियापेक्षा स्वस्त असे. शेजारचे लोक पूल ओलांडून येत, टाकी भरून घेत. याचं श्रेय अर्थात नोकराला नाही, कमी कराला होतं. 2016 मध्ये तो कर गॅलनमागे 23 सेंटांनी वाढला. म्हणजे एका फटक्यात सरकारने जेवढं वाढवलं, त्यापुढे युरिकचे पाच सेंट म्हणजे किस झाड की पत्ती. दुसरा आक्षेप सुरक्षिततेच्या कारणावर आहे, आणि तो मी मान्य करतो. पेट्रोल ज्वालाग्राही आहे म्हणून ग्राहकाने हात लावू नये, हे कारण टिकत नाही. इतर राज्यांतले लोक कैक वर्षं स्वतःच भरताहेत आणि ती राज्यं अजून नकाशावर आहेत. ओरेगॉनने 1951 साली अशीच बंदी घातली आणि पुढे कायद्यात चांगली सतरा कारणं लिहून ठेवली. पावसात फरशी निसरडी होते, म्हाताऱ्या-अपंगांची गैरसोय होते, लहान मुलं गाडीत एकटी राहतात, असं बरंच काही. एवढी कारणं द्यावी लागतात, तेव्हा त्यातलं एकही पुरेसं नाही, असा संशय येणारच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जोरकस: अहो, पाच मिनिटांचं काम, शिकून घ्या की! 2018 च्या जानेवारीत ओरेगॉनने चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या काउंट्यांत स्वतः भरायची मुभा दिली, तेव्हा काही रहिवासी धास्तावले आणि सारा देश त्यांना हसला. पण हे काम जवळून बघा. गाडीची टाकी कोणत्या अंगाला? डॅशबोर्डवर पंपाच्या चित्राशेजारी बारीक बाण असतो, तो आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. झाकणाचा खटका सीटखाली. मग यंत्र सुरू होतं: कार्ड घाला, झटकन काढा, झटकन काढलं नाही म्हणून पुन्हा घाला. झिपकोड सांगा. सवलतीचं कार्ड आहे का? गाडी धुवायची आहे का? पावती हवी का? एवढी उलटतपासणी पार पडल्यावर 87, 89 की 93 ऑक्टेनचं पेट्रोल, ते निवडा, नळी उचला. हिरव्या मुठीची दिसली तर थांबा, ती बहुधा डिझेलची. नळी लावून थंडीच्या भयाने गाडीत परत बसू नका. सीटवर घासून अंगात साठलेल्या विजेची ठिणगी उडू शकते. यातलं पेट्रोल भरणं खरोखर पाच मिनिटांचं आहे. कठीण आहे ती यंत्राची चौकशी, आणि संधिवाताच्या बोटांनी, उणे पाच तापमानात, मागे रांग असताना दिलेली तिची उत्तरं. अपंग ग्राहकाला मागितल्यास जादा पैसे न घेता पंपावर मदत द्यावी, असा देशभरचा कायदा आहे. मात्र पंपावर एकच नोकर असेल तर त्याला सूट आहे, आणि रात्री नेमका एकच नोकर असतो.

राजकारण्यांनी मात्र या प्रश्नाची नस ओळखली आहे. 2006 मध्ये गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी टर्नपाइकवर स्वयंसेवेचा प्रयोग करायचं बोलून दाखवलं आणि लोकांचा सूर बघून पाऊल मागे घेतलं. 2022 मध्ये पुन्हा विधेयक आलं. रटगर्स विद्यापीठाच्या पाहणीत 73 टक्के लोकांनी आपलं पेट्रोल दुसऱ्यानेच भरावं असं सांगितलं आणि विधेयक बारगळलं. ‘जर्सीच्या मुली पेट्रोल भरत नाहीत’ असे स्टिकर तिथे गाड्यांवर अभिमानाने मिरवतात. ओरेगॉनने 2023 च्या ऑगस्टमध्ये बंदी उठवली, पण शहाणपणाने: दाट वस्तीच्या काउंट्यांत निम्म्या नळ्यांवर माणूस हवाच, आणि दोन्हीकडे भाव एकच. म्हणजे स्वतः भरलं तर स्वाभिमान, दुसऱ्याकडून भरून घेतलं तर आराम, पैसे तेवढेच. बंदी नको आणि सक्तीही नको, हा तोडगा मला सगळ्यांत न्याय्य वाटतो. न्यू जर्सीनेही एक दिवस तो उचलावा. तोवर तिकडे लेकीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांनी दोन गोष्टी कराव्यात. न्यू जर्सीत पंपावर गाडीतून उतरू नये, नोकराची पंचाईत होते. आणि परराज्यात फिरायला गेल्यावर एकदा भर दिवसा, रिकाम्या पंपावर, नातवाला शेजारी उभं करून नळी हातात घ्यावी. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर आत जाऊन मदत मागावी, आणि मागताना ओशाळू नये.