सौ., श्री. आणि गं. भा.

पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला गुलमंडीवर गेलो होतो. मजकूर वाचता वाचता छापखान्यातल्या पोराने मान वर केली. "काका, नवरीच्या आईच्या नावाआधी काय टाकू? सौ. की गं. भा.?"

दादा जाऊन चार वर्षं झाली. वहिनी त्याच, आधार कार्ड तेच, पतसंस्थेचं कर्जही तेच. बदललं ते नावाआधीचं अक्षर. उलट झालं असतं, तर दादा 'श्री.'च राहिला असता आणि वर्षश्राद्धाच्या आत 'चि.' होऊन नव्या पत्रिकेत झळकलाही असता.

गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. एप्रिल २०२३ मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी हाच शब्द वापरण्याचा प्रस्ताव खात्याकडून मागवला होता. टीका झाली, तेव्हा निर्णय झालेला नाही असं सांगून टाकलं. आमच्या आत्याला मात्र शब्द भारी आवडला. "किती पवित्र वाटतं रे!" वाटतं खरं. पण खऱ्या गंगेला बायका हळदकुंकू वाहून येतात आणि घरातल्या गंगेला संक्रांतीचं वाणही मिळत नाही.

कन्यादानाला मी आणि आमची सौ. बसणार. पोरीला वहिनींनी वाढवलं, शिलाई मशीनवर शिकवलं, कार्यालयाची आगाऊ रक्कमही त्यांनीच भरली. माझी पात्रता एवढीच की माझी बायको सवाष्ण आहे. तिची पात्रता एवढीच की मी जिवंत आहे. ही दुहेरी पात्रता मी रोज सकाळी बीपीच्या गोळीवर टिकवून धरतो.

मी आत्याला हेरवाडचं सांगून पाहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत, असा ठराव ४ मे २०२२ ला तिथे झाला. पंधरवड्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ग्रामपंचायतींना ना? आपली महानगरपालिका आहे."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वाद नको. मी मागे थांबते." मागे म्हणजे कुठे? स्वयंपाक तर आता केटररच करतो.

शेवटी गं. भा. छापलं. पत्रिकेच्या माथ्याबद्दल मात्र आत्याची काडीची तक्रार नव्हती: ॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥. वेरूळच्या त्या लाल दगडी देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत, मरेपर्यंत, राज्य या बाईंनी सांभाळलं. शेजारच्या अख्ख्या जिल्ह्याला आता त्यांचं नाव आहे. आमच्या मांडवात त्यांनाही मागेच थांबावं लागलं असतं.

तुम्ही लग्नाला नक्की या. जोडी शाबूत असेल, तर पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतो.