दोन साडू, एक रिटर्न

आमचे साडू राहतात न्यू जर्सीत आणि नोकरी करतात न्यूयॉर्कमध्ये. त्यामुळे केंद्राचं रिटर्न एक, न्यूयॉर्कचं अनिवासी म्हणून दुसरं, न्यू जर्सीचं निवासी म्हणून तिसरं. शिवाय तिकडे भरलेल्या कराची इकडे सूट मागायची. मार्च लागला की त्यांचा चेहरा मुलीच्या बापासारखा होतो. मी एकाच आर्थिक वर्षात मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन अशी तीन राज्यांत नोकरी केली हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम फोन केला. आवाजात सहानुभूती होती, पण आनंद काही लपत नव्हता.

"तीन राज्यं म्हणजे चार रिटर्न! अहो, रिटर्न भरणारा माणूस चांगला बघा, पैशाकडे पाहू नका."

"एकच," मी म्हणालो. "राज्यांना इन्कम टॅक्स नाहीच इथे."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पूर्वी इथेही साडूंना करमलं असतं. साउथ ऑस्ट्रेलियाने १८८४ मध्येच आयकर बसवला होता, १९१५ मध्ये महायुद्धाच्या खर्चासाठी केंद्राने आपला वेगळा बसवला, आणि एकाच पगाराला दोघे झोंबू लागले. मग १९४२ मध्ये, जपान दाराशी आलेलं असताना, पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्या सरकारने आपला दर असा चढवला की राज्यांना वर काही लावायची सोयच उरली नाही. भरपाईचं अनुदान हवं असेल तर तुमचा आयकर बंद करा, ही अट वर. चार राज्यं भांडायला हायकोर्टात गेली (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) आणि हरून परतली. ही सगळी सोय युद्धापुरती होती. युद्ध १९४५ मध्ये संपलं. सोय चालू आहे. सरकारी 'तात्पुरतं' सगळीकडे सारखंच टिकाऊ.

तर जुलैत मी ऑनलाइन रिटर्न भरायला मायटॅक्स उघडलं. तिन्ही कंपन्यांचे आकडे आधीच येऊन बसले होते. राज्याचा प्रश्न आला तो फक्त पत्त्याच्या रकान्यात. चहा निवायच्या आत काम झालं, आणि खरं सांगतो, जरा चुकल्यासारखं वाटलं. पुण्यात पगार होता तेव्हा व्यवसायकर तरी कापला जायचा: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. सगळ्यात आखूड महिन्याला सगळ्यात जास्त कर, यावर निदान चिडता यायचं.

पण राज्यं उपाशी आहेत असं कुणी समजू नये. घर घेतलंत की स्टॅम्प ड्यूटी त्यांची, गाडीचं रजिस्ट्रेशन त्यांचं, लायसन्स त्यांचं. मेलबर्नची गाडी सिडनीत नेली तर आधी तपासणीची ब्लू स्लिप, मग विम्याची ग्रीन स्लिप, आणि गाडी जुनी असेल तर पुढे दरवर्षी पिंक स्लिप. या रंगपंचमीतून बाहेर पडून नवी नंबर प्लेट लावतोय, तोवर ब्रिस्बेनची नोकरी आली. क्वीन्सलंड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे सिडनीवाल्यांची नऊची मीटिंग मला आठला. साउथ ऑस्ट्रेलियात तर सरहद्दीवर डिकीतली फळं पेटीत टाकावी लागतात, फळमाशीसाठी. पगार सरहद्द ओलांडतो, आंबा नाही.

हे ऐकून साडूंना किंचित बरं वाटलं. मग त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, "आणि मेल्यावर?"

मेल्यावरचंही राज्याराज्यांत वेगळं होतं. १९७७ मध्ये क्वीन्सलंडने मृत्युकर काढून टाकला, आणि दक्षिणेकडचे पैसेवाले म्हातारे शेवटचे दिवस काढायला गोल्ड कोस्टकडे सरकू लागले. माणसं हातची जातात म्हटल्यावर बाकीच्या राज्यांनीही काही वर्षांत तो काढला. आता कुठल्याही राज्यात मरा, दर एकच: शून्य.

"आमच्या न्यू जर्सीत वारसाकर आहे," साडू म्हणाले. गमावलेला मान परत मिळाल्यासारखे म्हणाले. "बायकोमुलांना माफ. पण साडूला काही ठेवलं, तर शेकडा १५ पासून सुरुवात."

आणि जरा थांबून, "म्हणून तुमच्यासाठी काही ठेवत नाहीये हो. उगाच तुम्हाला भुर्दंड नको."