सेम टू सेम : पद्मिनीचे सुटे भाग शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम तुमची गाडी कोणती आहे, ते ठरवा. हसू नका. आरसी बुकात ‘फियाट’, डिकीवर ‘प्रीमियर’ आणि शेजारचे काका म्हणतात ‘पद्मिनी’ : तिघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पन्नासच्या दशकात तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. गोल नाकाची ती ‘डुक्कर फियाट’, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. मग १९६४ ची डिलाइट. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत ११०० डी १९६६ मध्येच बंद पडली. आपण मात्र तिला २००० सालाच्या आसपास जाऊन सोडलं.

एवढ्या वर्षांत इंजिन मुळात तेच राहिलं, १०८९ सीसीचं. त्यामुळे एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला जवळजवळ बसतो. या ‘जवळजवळ’वर मुंबईतल्या कित्येक गॅरेजवाल्यांच्या मुलांची शिक्षणं झाली आहेत. तुम्ही त्याला हातभार लावायचा की नाही, हे आधी ठरवून घ्या. नसेल लावायचा, तर बॉनेट उघडा आणि चासी नंबर व इंजिन नंबर कागदावर उतरवून घ्या. ते आरसी बुकाशी जुळले नाहीत, तर सुट्या भागांचा नाद तूर्त सोडा. तुमची पुढची पायरी आरटीओची आहे आणि ती या लेखाच्या आवाक्याबाहेर आहे.

जुनं टाकू नये

गॅरेजमधला पोरगा गाडीतून काढलेली वस्तू दोन ठिकाणी ठेवतो : खिशात किंवा भंगारात. त्याच्या हातातून ती काढून घ्या. तुटलेली असो, गंजलेली असो, अर्धीच उरलेली असो. नवा भाग बसून गाडी रस्त्यावर धावेपर्यंत जुना भाग घराबाहेर जाता कामा नये. प्रत्येकाची वेगळी पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर कुठून काढला ते : ‘डावा पुढचा दरवाजा, वरचं बिजागर’. निव्वळ ‘दरवाजा’ असं लिहिलेली चिठ्ठी महिन्याभराने वाचली की लेखकाविषयी मनात वाईट विचार येतात, आणि लेखक तुम्हीच असता.

काढण्यापूर्वी फोटो घ्या. वायसर बोल्टच्या डोक्याखाली होता की नटाखाली, हेसुद्धा त्यात दिसलं पाहिजे. घरातली मंडळी या पिशव्या कुठे ठेवायच्या असं विचारतील. त्याचं उत्तर या मार्गदर्शिकेत नाही.

बाजारात बोलावं कसं

मुंबईत ऑपेरा हाऊस, चोर बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकानं. नट-बोल्टांसाठी मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. चोर बाजारातली बहुतेक दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण रस्त्यावरचा जुम्मा बाजार शुक्रवारीच भरतो आणि तोही भल्या पहाटे. सकाळी दहाला न्याहारी करून पोहोचणाऱ्याला तिथे उरलेलं ऊन मिळतं.

दुकानात शिरताना ‘रिस्टोरेशन’ हा शब्द तोंडून निघता कामा नये. तो ऐकला की काउंटरमागचा माणूस आधी तुमच्या बुटांकडे बघतो आणि मग किंमत सांगतो. पूर्वी यावर हमखास उतारा होता : टॅक्सीची आहे, असं सांगायचं. भाव आपोआप उतरायचा, कारण टॅक्सीवाला उद्या परत येणार हे दुकानदाराला ठाऊक असायचं. हा उतारा आता कालबाह्य झाला आहे. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. त्यानंतर कुणी हा प्रयोग केला, तर संवाद साधारण असा होतो :

“शेठ, पद्मिनीचा वॉटर पंप. टॅक्सीची आहे.”

“टॅक्सी? कुठं चालते?”

“…पनवेलला.”

“बरं. चहा घेणार?”

चहा आला की समजावं, भाव वाढला.

टॅक्सी गेल्याचा खरा फटका वेगळाच आहे. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर क्लच प्लेट, किंगपिन, पंप, गॅसकेट कुणीतरी बनवत होतं, कारण रोज खपत होतं. दिसण्याचे भाग मात्र टॅक्सीवाल्याने कधी विकत घेतलेच नाहीत. त्यामुळे आज इंजिनाच्या पोटातलं पुष्कळसं सापडतं. हैराण करतात ते पुढच्या त्रिकोणी काचेचं हँडल, बंपरवरची पट्टी आणि डॅशबोर्डवरची बटणं. शोध या भागांपासून सुरू करा. मिळेल तेव्हा, मिळेल तिथे घ्या, गाडीला अजून चाकं नसली तरी. इंजिन नंतर होतं.

खोका आणि माल

“ओरिजिनल आहे, साहेब” हे वाक्य नमस्कारासारखं स्वीकारावं, म्हणजे उत्तरादाखल मान हलवावी आणि पुढे काही मनावर घेऊ नये. पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला, छापील अक्षरं पुसट झालेला खोका समोर येईल. खोका अस्सल असेलही. आतल्या मालाची चौकशी वेगळी करायची. ओतीव भाग असेल तर त्यावर उठावातली खूण आहे का, कडेला साच्याची राहिलेली धार कानशीने घासली आहे की तशीच सोडली आहे, तुमच्या पिशवीतल्या जुन्या भागाशी वजन जुळतं का, ते पाहा. दोन्ही हातांत एकेक धरा आणि डोळे मिटा. दुकानदाराला हे विचित्र वाटेल, वाटू द्या. हलका आहे तो बहुतेक लोकल.

जुना शिल्लक माल म्हटला की नवशिक्याच्या तोंडाला पाणी सुटतं. धातूचा असेल तर सुटू द्या : गिअर, शाफ्ट, दिव्याची रिंग तेलकट कागदात गुंडाळून तीस वर्षं पडली तरी त्यांचं काही बिघडत नाही. रबर मात्र खोक्यातही म्हातारं होतं. ब्रेक सिलिंडरचे कप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, पाण्याचे होज : यांच्यासाठी ‘जुना अस्सल’पेक्षा ‘कालचा लोकल’ बरा. कप अंगठ्याने दुमडून पाहा. घडीवर बारीक तडे दिसले तर खोक्यावर इटलीच्या राजाची सही असली तरी परत ठेवा. लग्नात पत्रिका नाही जुळली तरी संसार होतात; ब्रेकच्या कपाच्या बाबतीत तसं काही नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी मुळातच थांबायला वेळ घेते.

नट-बोल्ट : जिथे खरी वाट लागते

फियाट इटालियन, म्हणून तिचे आटे मिलीमीटरचे. ॲम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड आणि जीप विलिसची, म्हणून दोघींचे जुने आटे इंचाचे. जुन्या बाजारात या तिघींचे बोल्ट एकाच टोपलीत असतात. तुमच्या गाडीवर पूर्वी जितक्या मेकॅनिकांनी हात चालवला, तितक्यांनी या टोपलीतून काही ना काही उचललेलं आहे. तेव्हा ‘गाडीतून निघालेला बोल्ट’ हा पुरावा धरू नका.

आठ मिलीमीटरचा बोल्ट घ्या आणि शेजारी पाच-सोळांश इंचाचा ठेवा. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलीमीटर. फरक सहा शतांश मिलीमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. पानाही फितूर : मिलीमीटरवाल्याला तेरा नंबर लागतो, इंचवाल्याचं डोकं १२.७, म्हणजे तेराचा पाना त्यावरही जरासा खुळखुळत चालतोच. फरक आहे तो आट्यांत. साध्या आठच्या बोल्टवर दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलीमीटर. इंचाच्या जाड आट्यांत एका इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१, बारीक आट्यांत २४, म्हणजे साधारण १.०६. चुकीचा बोल्ट एक आटा हाताने जातो, दुसरा जरा जोर लावून, आणि तिसऱ्याला अडतो. इथे नवशिक्या थांबतो. अनुभवी मेकॅनिक थांबत नाही. तो पान्याला पाइप लावतो, कुर्रर्र असा आवाज येतो आणि तो समाधानाने सांगतो, “बसला.” बसतोच. पुन्हा निघताना मात्र भोकातले आटे सोबत घेऊन निघतो, आणि भोक ॲल्युमिनियमचं असलं तर लेथवाल्याकडे जाऊन नवा बुश मारून घ्यावा लागतो.

उपाय स्वस्त आहे. पिच गेज नावाचा पात्यांचा छोटा जुडगा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरायचं, फटीतून प्रकाश आला नाही की जुळलं. हा गेज मेकॅनिकसमोर खिशातून काढू नये, त्याला अपमान वाटतो. बोल्ट घेऊन कोपऱ्यात जावं.

मग बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद चौरस मिलीमीटरला ८०० न्यूटन, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट नंबर प्लेटला लावा, स्टेअरिंगला नको. चकचकीत स्टेनलेसचा मोह सर्वांनाच होतो. गंजत नाही हे खरं, पण बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस ८.८ पेक्षा कमकुवत असतो आणि स्टेनलेसच्याच नटात आवळला तर जागीच धरून बसतो. शोभेच्या ठिकाणी लावायला हरकत नाही. फक्त तुमच्या सालच्या गाडीवर तो कुर्ल्यात कधीच लागला नव्हता, हे सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक प्रदर्शनात भेटतो.

मिळतच नसेल तर

बनवून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या एमआयडीसीत असा टर्नर असतो, जो बुश हातात घेऊन नखाने चाचपतो आणि मापाचा कागद न बघता बाजूला ठेवतो. त्याला तुमचा झिजलेला बुश नुसता देऊ नका, नाहीतर तो हुबेहूब झिजलेला बुश करून देईल. ज्यात तो बसतो तो भाग आणि जो त्यात फिरतो तो भाग, दोन्ही सोबत द्या. घाई करू नका, आणि वाढीव पैसे देऊ करू नका. काम आणखी लांबतं.

शेवटी नियमांविषयी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते : शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, म्हणजे वरचा सगळा खटाटोप सरकारलाही मान्य आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठी न्यायची मुभा आहे. सुटे भाग आणायला जाणं देखभालीत धरायचं की नाही, यावर हवालदाराशी वाद घालत बसू नका. ऑपेरा हाऊसला पार्किंग तसंही मिळत नाही. लोकलने जा, चर्नी रोडला उतरा.