विनातिकीट

तुळजापूर-सोलापूर गाडीत उभ्यानं प्रवास केलेल्या कुणालाही कंडक्टर मास्तर आठवतील. डबल सीट भरलेल्या गाडीत कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरणार आणि कुणाच्या मांडीवरचं पोर हाफ तिकिटाच्या वयाचं झालंय, हे सगळं तामलवाडी यायच्या आत त्यांच्या डोक्यात पक्कं असे. निवृत्त झाले, ट्रे आणि पंच डेपोत जमा केले, आणि पंधरा दिवसांत घरच्यांना नकोसे झाले. जिना उतरणाऱ्या सुनेला म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा." शेवटी स्वतःच जुन्या बाजारातून एक पंच विकत आणला आणि रोज सकाळी घाटशीळ, नाहीतर रामदरा अशी फेरी सुरू केली. तपासायला माणसं राहिली नव्हती, तेव्हा झाडं धरली.

रस्त्याकडेला काहीही हिरवं दिसलं की मास्तर थांबतात. नाव काय, गाव कुठलं, कुठून चढलीस? ओळख पटली की खालच्या एका पानाला पंचनं खट्‌कन भोक पाडायचं. म्हणजे हे झाड चेक झालं, उद्या पुन्हा विचारायला नको. त्यांच्या हिशेबात बालाघाटाच्या या उतारावर निम्मी प्रजा फुकटी आहे. घाणेरी अमेरिकेतली, रानतुळस अमेरिकेतली, गाजर गवतही तिकडचंच. "1955 च्या सुमाराला पुण्यात दिसलं पहिल्यांदा," ते सांगतात, "आन् तिथनं विनातिकीट हितवर! कुणी उतरवलं न्हाई." स्वतःच्या काळात असतं तर पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं, असा त्यांचा चेहरा असतो.

गेल्या कार्तिकात मी त्यांच्यासोबत होतो. घाटशीळच्या वाटेवर उकिरड्याशेजारी पुरुषभर उंचीचं एक झाड उभं होतं. सरळसोट दांडा, त्यावर वीतभर अंतरानं काटेरी गोल चेंडू ओवलेले आणि प्रत्येक चेंडूतून केशरी, लवदार फुलं बाहेर आलेली. एक शिंजीर चोच खुपसून मध ओढत होता. मास्तरांनी दांडा दोन बोटांत फिरवला. "चौकोनी खोड. पानं समोरासमोर. फूल दोन ओठांचं. तुळशीच्या कुळातलं." इथवर बिनचूक. (तुळजापूरचा तुळशीशी संबंध नाही, त्वरिता म्हणजे लगबगीनं धावून येणारी ती तुळजा, असं म्हणतात. हे मी बोलून दाखवलं. मास्तरांनी तिकडं लक्ष दिलं नाही.)

मग त्यांनी नातवानं मोबाइलमध्ये घालून दिलेलं ॲप काढलं. फोटो घेतला. ॲप म्हणालं, साल्व्हिया, 71 टक्के.

"साल्व्हिया!" मास्तर खूश. "सून सकाळी चिया चिया म्हणून भिजवून पिती ना, ती ह्याचीच बहीण. हजाराच्या घरात जाती हायत." आणि खट्‌. पानाला भोक.

पलीकडं एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ. ती म्हणाली, "आवं मास्तर, दीपमाळ हाय की ती."

"ते गावठी नाव झालं, मावशी."

"मग तुमचं कुठलं?"

याला मास्तरांकडं उत्तर नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं देवळापुढची दगडी दीपमाळ आली, त्रिपुरी पौर्णिमेला पेटलेली. खालून वर दिव्यांचे थर, तसेच हे केशरी थर. म्हातारीच्या नावात झाड दिसत होतं. साल्व्हियात काही दिसत नव्हतं.

तरी मास्तर अप्रामाणिक नव्हेत. हिशेबात चार आणे कमी आले तर रात्री अकराला पुन्हा वेबिल मांडणारा माणूस. घरी आल्यावर त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, सुईनं फूल फाडलं. चेंडूचे काटे बोटांना टोचून रक्त आलं होतं, ते धोतराला पुसलं. साल्व्हियाच्या फुलात पुंकेसर दोनच असतात. मास्तरांनी मोजले. पुन्हा मोजले. पोरांची तिकिटं मोजावीत तसे बोट लावून मोजले. चार निघाले.

"दोन जास्तीचे बसलेत," ते हळूच म्हणाले.

मग व्ही. एन. नाईकांच्या 1979 सालच्या उस्मानाबादच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाची झेरॉक्स निघाली, तिच्यावर पिठाचे डाग होते. संध्याकाळपर्यंत निकाल लागला. झाड लिओनोटिस नेपेटिफोलिया, मूळचं आफ्रिकेचं. लिओनोटिस म्हणजे सिंहाचा कान. सिंहावर बसणाऱ्या भवानीच्या गावात सिंहाचा कान उकिरड्यावर उभा राहतो, आणि मास्तर त्याला चिया समजतात! हे मात्र मी मनातच ठेवलं.

पण मास्तर खचले नाहीत. त्यांना त्याच रात्री समदुःखी सापडला. स्वीडनच्या लिनियसनं 1753 मध्ये हेच झाड फ्लोमिस या वेगळ्याच प्रजातीत घातलं होतं, आणि रॉबर्ट ब्राऊननं 1811 मध्ये ते लिओनोटिसमध्ये आणून बसवलं. "म्हंजे बघा," मास्तर म्हणाले, "58 वर्षं चुकीच्या गाडीत बसून हुतं हे. लिनियसनं बसिवलेलं! मी तर एक दिवस बसिवलं." दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन त्यांनी त्या पानाला दुसरं भोक पाडलं. बदलीचं तिकीट.

हाच धागा धरून त्यांनी पुढं खरा साल्व्हियाही पकडला. एका लॉजच्या मागं, कुंडीतून निसटून गटाराकडेला रुजलेला, लालभडक फुलांचा. भिंगाखाली पुंकेसर दोन भरले, पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे. फूल लाल पण त्याखालचा पेला हिरवा, म्हणजे बागेतला नेहमीचा नव्हे, कॉक्सिनिया. हाही मूळचा अमेरिकेचाच, पण कुंडीतून आला म्हणून मास्तरांनी त्याला रिझर्वेशनवाला धरलं. त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.

परवा घाटशीळच्या वाटेवर तीच म्हातारी भेटली. चिंतेत दिसली. दीपमाळेचं एक पान तोडून तिनं मास्तरांपुढं धरलं.

"मास्तर, तुमाला झाडातलं कळतंय म्हणून इचारते. ह्या वाटंवर कसली कीड पडलीया? येक झाड सोडंना. बघा, कशी येकसारखी गोल भोकं. शेरडं खातील म्हणून भ्या वाटतंय. नाव काय म्हणायचं हिचं?"

मास्तरांनी पंच खिशात ढकलला आणि आभाळाकडं बघत म्हणाले, "पुस्तकात बघून सांगतो."