कुंझुम खिंडीस अनावृत पत्र

प्रति,
मा. कुंझुम खिंड,
जिल्हा लाहौल-स्पिती, हिमाचल प्रदेश.

विषय : आमच्या नियोजित सहलीस सहकार्य मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आम्ही पुण्याचे एक नियोजनबद्ध कुटुंब मे महिन्यात मनालीहून स्पितीला गाडीने येत आहोत. विमानाची तिकिटे काढून झाली, हॉटेलांचे पैसे भरले, मेव्हण्यांनी तीन रंगांत एक्सेल शीटही केली. तुम्हाला कळवायचे तेवढे राहिले होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली हरकत तुमच्या उघडण्याच्या तारखेला आहे. आमच्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते. तुम्ही मात्र पुष्कळदा जून उजाडला तरी बर्फाखालीच! सीमा सडक संघटनेची माणसे यंत्रे लावून बर्फ कापत वर येतात, तेव्हा कुठे तुमची वाट मोकळी होते. साडेचार हजार मीटर उंचीची सबब सांगू नका. शेजारच्या रोहतांगकडे बघा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि त्याच्या पोटातून नऊ किलोमीटरची वाट निघाली. तुम्हाला एवढेही जमू नये?

दुसरा मुद्दा वेळेचा. मनाली ते काझा सुमारे दोनशे किलोमीटर. मेव्हण्यांनी द्रुतगती मार्गाच्या हिशेबाने चार तास धरले आहेत, जेवणाचा अर्धा तास वेगळा. ग्राम्फू सोडले की बातलपर्यंत रस्ता कमी आणि गोटेच जास्त, सगळा दिवस त्यातच जातो, असे लोक घाबरवतात. मेव्हण्यांनी भर पावसात ताम्हिणी उतरवला आहे, त्यामुळे गोट्यांचे आम्हाला काही नाही.

आमचे भांडण नाल्यांशी आहे. सकाळी घोटाभर पाणी असते. ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि दुपारी तोच नाला बंपरला लागतो. मग ड्रायव्हर उतरणार, पँट गुडघ्यापर्यंत दुमडणार, काठीने ठाव घेत पलीकडे जाणार, पाण्याखालचे दगड पायाने चाचपणार, परत येऊन पहिल्या गियरमध्ये गाडी घालणार आणि तेवढा वेळ आम्ही काचा खाली करून त्याला सूचना देणार. यावर स्थानिकांचा तोडगा एकच : पहाटे निघा. आमच्याकडे दोन माणसांना चहाशिवाय आणि एकाला पेपरशिवाय घर सोडता येत नाही. तरी नाल्यांनी दुपारी चारपर्यंत सकाळचेच पाणी वाहू द्यावे.

तिसरी बाब प्राणवायूची. तुमच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्केही भरत नाही. पूर्ण पैसे भरलेल्या पर्यटकाला ही कपात कशासाठी? पहिल्याच रात्री थेट चंद्रतालला मुक्काम केला तर डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, आणि त्रास वाढलाच तर खाली उतरण्यावाचून इलाज नसतो म्हणे. इलाजाला शीटमध्ये रकाना नाही. तंबू तळ्याच्या काठावर ठोकता येत नाहीत, अलीकडेच राहावे लागते, हेही आत्ताच कळले. फोटोचा कार्यक्रम त्यामुळे विस्कळीत झाला आहे.

काही हितशत्रू सांगतात की, शिमल्याहून किन्नौरमार्गे या. कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत उंची हळूहळू अंगवळणी पडते. ताबोचा मठ इसवी सन ९९६ पासून तिथे आहे. काझ्यात थांबा, गाडीची टाकी भरा, तुमच्याकडे शेवटी या, आणि तुम्ही बंदच असलात तर आल्या वाटेने परत जा. थोडक्यात, तुम्ही ठरवणार आणि आम्ही ऐकणार! ही कुठली पद्धत?

सबब, आमच्या शीटची प्रत सोबत जोडली आहे. त्यात फेरबदल होणार नाही, तरी आपणच आपल्यात योग्य तो फेरबदल करावा. अन्यथा नाइलाजाने आम्हाला नकाशावर तुम्हाला एकच तारा द्यावा लागेल.

आपले नम्र,
एक नियोजनबद्ध कुटुंब

ता. क. : काझ्याच्या ड्रायव्हरला शीट पाठवली होती. त्याने एकच विचारले, रस्ता बंद झाला तर राखीव दिवस कोणता? आम्ही त्याला कळवले आहे की, तो मनालीतल्या शाली-स्वेटरांच्या खरेदीत लागला.