सपाट जागा पाहिजे

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडं पातळी म्हटलं की धरणाची. ऑगस्ट उजाडला की डिंभे किती टक्के, येडगाव किती, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे किती, हे शेंबडं पोरही सांगतं. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ऑईल किती, हे मात्र अख्ख्या घोडेगावात कुणाला सांगता येईना.

गाडी मूळची मेहुण्याची. त्यानं पुण्यात नवी घेतली आणि ही जुनी ऑटोमॅटिक, "दाजी, तुमच्या गुडघ्याला बरी," म्हणत माझ्या गळ्यात मारली. भीमाशंकरचा चढ लागला की ती विचारात पडायची. इंजिन ओरडतंय आणि गाडी ढिम्म. आमच्या मिस्त्रींचा हात बसलेला ट्रॅक्टरवर. त्यांनी आत वाकून तिसरं पायडल शोधलं, सीटखालीही बघितलं आणि म्हणाले, "सर, क्लचच नाय तर मी धरू काय अन् सोडू काय?"

शेवटी गाडीचं पुस्तक काढलं. इंजिन ऑईल बघायला गाडी बंद करून थांबतात. इथं सगळा उलटा कारभार. आधी गाडी फिरवून चांगली तापवायची. इंजिन चालूच ठेवायचं, कारण बंद केलं की वरचं ऑईल खाली उतरतं आणि पट्टी खोटी साक्ष देते. मग ब्रेक दाबून दांडा पी, आर, एन, डी अशी प्रदक्षिणा घालून परत पी वर आणायचा. पट्टी काढायची, पुसायची, घालायची, पुन्हा काढायची. एवढं निवृत्त मास्तराला जमतं. घात केला तो एका ओळीनं : गाडी सपाट जागेवर उभी करावी.

सह्याद्रीच्या पायथ्याला सपाट जागा!

नातवाची गोटी खिशात टाकून मी निघालो. शाळेच्या मैदानात ठेवली, ती कबड्डीची रेघ ओलांडून थेट मुतारीकडं गेली. नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर ठेवली, तर गटारात. पाणी मात्र तिथं पावसाळाभर जागचं हलत नाही. सभामंडपात गोटी इमानानं बसून राहिली, पण तिथं गाडी नेण्याइतकं माझं पुण्य नव्हतं. एकानं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा माळ सुचवला. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटरच्या तीस ताटल्या आकाशाचा कानोसा घेत बसल्यात. त्यात माझ्या प्लगची ठिणगी कशाला घाला?

तोडगा निघाला बायकोकडून. "वजनकाटा सपाटच असणार की!"

मंचर ओलांडून नारायणगावच्या वाटेला लागलो, तोवर गाडी आपोआप तापली. काट्यावर पुढं टोमॅटोचा पिकअप, मागं कांद्याचा ट्रक आणि मधे मी. गोटी ठेवली. हलली नाही! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, दांड्याची प्रदक्षिणा उरकली, उतरलो आणि बॉनेट उघडलं. केबिनमधला पोरगा ओरडला, "बाबा, माल कुठंय?" मी म्हटलं, "आत आहे, बघतोय." मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

पट्टी पुसली, घातली, काढली. दोन खुणांच्या बरोबर मधे, कोकम सरबतासारखं लालभडक ऑईल. बोटावर घेऊन वास घेतला : करपलेला नाही. फेस नाही. ट्रकवालाही एव्हाना उतरून पट्टीत डोकावत होता. "बरोबर आहे की," त्यानं निकाल दिला. म्हणजे घाटात विचारात पडायचं कारण ऑईल नव्हतं.

पोरानं पैसे घेतले आणि पावती हातात दिली. मी गाडीत असताना एक वजन झालं होतं, उतरल्यावर दुसरं. बाकीचं त्याच्या कॉम्प्युटरनं परस्पर उरकलं होतं. ती पावती बायकोनं फ्रिजवर चिकटवून ठेवलीय :

भरलेलं वजन १२४० किलो. रिकामं वजन ११५० किलो. निव्वळ ९० किलो. माल : टोमॅटो.